सातमोह्याचे दोन कौल

सातमोहा तांड्याचा कारभारी धावजी याच्याबद्दल पुसद तालुक्यात एक गोष्ट सगळे मान्य करत. त्याच्यासमोर आलेलं भांडण रिकाम्या हातानं परत जात नसे. दोन भावांच्या वाटणीत त्यानं एकदा एकाला विहीर दिली आणि दुसऱ्याला त्या विहिरीवरची मोटर. दोघंही खूश होऊन घरी गेले. पुढची चार वर्षं त्या विहिरीतून कोणालाच पाणी मिळालं नाही, ती गोष्ट वेगळी.

बंजाऱ्यांच्या तांड्यात पंचायत बसते तिला नसाब म्हणतात. तिथं नायक मधोमध बसतो आणि कारभारी बोलतो. सातमोह्याचा नायक हरिसिंग. त्याला बोलायचा कंटाळा होता, म्हणून तीस वर्षं धावजीच बोलत आला होता. दोन्ही बाजूंना बरं वाटेल असं बोलायचं, कोणाला तोंडघशी पाडायचं नाही, ही त्याची हातोटी. तिचा त्याला अभिमान होता आणि तो लपवायची त्याला गरजही वाटत नसे.

यंदा दिवाळीनंतर जिल्हा परिषदेची निवडणूक जाहीर झाली आणि पंचाईत उभी राहिली. सातमोह्याच्या गटातून जनसेतू आघाडीचं तिकीट हरिसिंगला हवं होतं. तेच तिकीट धावजीच्या सुनेलाही हवं होतं.

उज्ज्वला बारा वर्षं आशाताई म्हणून पाच गावं पायी फिरलेली. कोणत्या घरात किती बाळंतपणं झाली, कोणाच्या पोरीला रक्त कमी आहे, कोणाचा नवरा हात उचलतो, सगळं तिला तोंडपाठ. तिचा नवरा ओम पुण्याला कंपनीत होता आणि सणावाराला यायचा. आघाडीनं वरून फर्मान काढलं की यंदा उमेदवार सभासदांनी गुप्त मतदानानं निवडायचा, चिठ्ठीवर शिक्का मारून. ते पेपरात वाचलं त्याच आठवड्यात उज्ज्वलानं आशाच्या कामाचा राजीनामा दिला आणि आपलं नाव नोंदवलं. "मामाजी, चिठ्ठीवर बाया मले मत देतीन," ती सासऱ्याला म्हणाली. "उघड्यावर नाही देत, पन चिठ्ठीवर देतीन."

धावजीला हे पटलं होतं. म्हणूनच तो घाबरला.

दोन दिवसांनी तो पुसदला आघाडीच्या कचेरीत गेला. तालुका अध्यक्ष वामनराव डोक्याला हात लावून बसले होते. हरिसिंग सकाळीच येऊन गेला होता. चिठ्ठ्याबिठ्ठ्या आपण मानत नाही, तांड्यात बैठक घ्या, घरागणिक उघड शब्द घ्या, नाहीतर मी आजूबाजूचे सगळे तांडे घेऊन आघाडीबाहेर पडतो, असं सांगून गेला होता.

"वरचे म्हणतात मतदान घ्या, खालचे म्हणतात बैठक घ्या," वामनराव म्हणाले. "मी काय करावं, धावजीभाऊ? मतदानाचं पेपरात छापून आलं. ते आता मागं घेता येत नाही."

धावजीनं चहा संपवला. कप बशीत ठेवला. आणि आयुष्यातला सगळ्यात हुशार निवाडा त्यानं तिथल्या तिथं करून टाकला.

"दोन्ही घ्या ना साहेब."

"दोन्ही?"

"मंगळवारी चिठ्ठी, बेस्तरवारी बैठक. ज्यानं एकीकडे नाव देलं त्याले दुसरीकडे देता येत नाही. माही सून चिठ्ठीत उभी हाय, हरिसिंगले बैठकीत राहू द्या. चिठ्ठीत जितली तिले हार, पेपरात फोटो. बैठकीत जितला त्याले तिकीट. वरचेबी खूश, खालचेबी."

वामनरावांच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग परत आला. "आणि तिकीट बैठकीवर, हे सांगायचं केव्हा?"

"बैठकीच्या दिशी. नायकाले तेवढं कानात सांगतो मी. बाकीच्यायले आंधी सांगसान तं चिठ्ठीले कोन येईन?"

परतीच्या एसटीत धावजी खिडकीजवळ बसून स्वतःशीच हसत होता. नायक आणि सून, दोघंही जिंकणार. सुनेला तिकीट मिळणार नाही हे खरं, पण ती हरली असं कोणाला म्हणता येणार नाही. हार घातलेला तिचा फोटो पेपरात येईल, ओम तो पुण्यात सगळ्यांना दाखवेल. बाईमाणसाला पहिल्या फेरीत एवढं पुष्कळ झालं, असं त्याला मनापासून वाटत होतं. त्याच्या जागी दुसरा कोणी असता तर त्याला लबाड म्हटलं असतं. धावजीला स्वतःबद्दल तशी शंकाही आली नाही.

घोळ आठवड्याभरात सुरू झाला. चिठ्ठीचा नमुना छापून आला. त्यावर उज्ज्वलाचं एकटीचं नाव होतं आणि खाली दुसरा रकाना, 'यापैकी कोणीही नाही'. वरच्या नियमात तसा रकाना सक्तीचा होता. हरिसिंगनं चिठ्ठीला घाबरून नावच दिलं नाही, अशी उज्ज्वलाची समजूत झाली. हरिसिंगनं तो नमुना वाचून घेतला आणि आपल्या माणसांना निरोप धाडला की मंगळवारी झाडून सगळ्यांनी जायचं आणि खालच्या रकान्यावर शिक्का मारायचा.

धावजी धावतपळत त्याच्याकडे गेला. हरिसिंग ओट्यावर दाढी करत होता.

"नायक, हे काय करून राह्यले? तुमाले तिकीट तं भेटूनच राह्यलं ना."

"भेटून राह्यलं."

"मंग तिचा हार तिले घेऊ द्या."

हरिसिंगनं आरशातून त्याच्याकडे पाहिलं. "पेपरात तिचा फोटो आला तं बैठकीत लोकं माह्या तोंडाकडे पाह्यतीन, कारभारी. म्हनतीन, लोकायनं तिले निवडलं अन् हा मधातच कुठून आला? हारबी मले पाह्यजे अन् तिकीटबी." त्यानं पाण्यात वस्तरा बुडवला. "कोनी नाही, असं जितू द्या. एकटी उभी राह्यली तरी हरली, असं झालं पाह्यजे."

धावजीच्या निवाड्यातला अर्धा भाग तिथंच वाहून गेला. तरी त्यानं दुसऱ्या अर्ध्याला धरून ठेवलं.

हरिसिंगच्या निरोपाची बातमी उज्ज्वलाला बायांकडून कळली. त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी धावजी आंघोळ करून आला तेव्हा ती चुलीपुढं बसून वहीत नावं लिहीत होती. तव्यावरची भाकर करपत होती.

"भाकर जळून राह्यली," धावजी म्हणाला.

तिनं भाकर उलटली, पण डोळे वहीवरच. "मामाजी, हरिसिंगकाकाचे लोकं मोजले. सव्वाशेच्या आसपास जातेत. माह्याजवळ एकशेपंधरा-सोळा हायेत. कमी पडते."

निम्मा तांडा तेव्हा ऊसतोडीला गेलेला होता. दसरा झाला की टोळ्या निघतात, घरांना कुलपं लागतात, आणि शिमग्यापर्यंत तांड्यात म्हातारे, शेळ्या आणि कुत्री राहतात. त्यातली एक टोळी वसमतच्या पुढं, तीन तासांवर तोडत होती.

"त्या टोळीत आपले चवदा सभासद हायेत," उज्ज्वला म्हणाली. "मुकादमाशी बोलली मी. एक दिवसाची सुट्टी देतो म्हने. पुसदचे रहमतभाई पिकअप घेऊन जातीन. मंगळवारी सकाळी निघतीन, मत देतीन, जेवतीन, अन् दोन वाजता वापस."

धावजी पाटावर बसला. आता सांगायला हवं होतं. पोरी, कशाला त्या लोकांना आणतेस, त्या चिठ्ठीवर तिकीट नाही. एवढं एकच वाक्य. ते त्याच्या जिभेवर आलंही.

"उज्ज्वला, मी काय म्हनतो..."

"मले मालूम हाय तुम्ही काय म्हनसान. नायकाशी वाकडं नको." तिनं वही मिटली. "मी नोकरी सोडली, मामाजी. आता 'कोनीच नाही' यानं मले हरवलं तं मी या तांड्यात तोंड कसं दाखवू? हरिसिंगकाकानं हरवलं असतं तं चाललं असतं. पन कोनीच नाही?" तिनं पदरानं डोळे पुसले आणि भाकर त्याच्या ताटात वाढली. "तुम्ही कारभारी हाव म्हनून तं मी उभी राह्यली. तुम्ही असतानी चिठ्ठीत कोनी धोका नाही करनार."

धावजीनं भाकरीचा तुकडा मोडला. मग त्याला वाटलं की सांगितलं तर ही आजच यवतमाळला जाईल, पेपरवाल्यांना गाठेल, तांडा फुटेल, वामनराव तोंडघशी पडतील. नाही सांगितलं तर चौदा माणसं एक दिवस येतील आणि जातील. एका दिवसानं कोणाचं काय जातं? असं मनाशी ठरवून त्यानं भाकर खाल्ली.

"पिकअपले ताडपत्री लावाले सांग," तो म्हणाला. "ऊन लागन त्यायले."

मंगळवारी सातमोह्याच्या शाळेत मतदान झालं. पाच गावांची माणसं आली. अकराच्या सुमारास रहमतची पिकअप आली आणि तीतून चौदा माणसं उतरली, त्यांत नऊ बाया. हातांना उसाच्या पाचटाचे ओरखडे, पायांत फाटक्या स्लीपर, पण डोक्यावर प्रत्येकीच्या धुतलेला पदर. सगळ्यात पुढं नंदाबाई होती, साठीला टेकलेली. तिच्यामागे तिचा मुलगा किसनसिंग.

नंदाबाईचा नवरा वारला तेव्हा तिच्या शेताचा निवाडा धावजीनंच केला होता. शेत दिराला आणि राहतं घर तिला. कोणी रिकाम्या हातानं गेलं नाही. घर मिळालेली नंदाबाई त्याच वर्षापासून ऊस तोडायला जाऊ लागली आणि घराला वर्षातले सहा महिने कुलूप पडू लागलं.

शिक्का मारून ती बाहेर आली आणि सरळ धावजीपुढं येऊन उभी राहिली. पूर्वी तिनं असं केलं नसतं.

"कारभारी, एक सांगू का? राग नका येऊ देऊ."

"सांग ना नंदाबाई."

"माह्या शेताची नसाब बसली, तवा मी भायेर लिंबाखाली बसून होती. तोंडावर पदर घेऊन. कोनं इचारलं नाही, बाई, तुले काय वाटते म्हनून. बारा वर्सं झाले." तिनं शाई लागलेलं बोट त्याला दाखवलं. "सरकारच्या मतदानाले लयदा गेली. ते दूरचं. पन आपल्या घरच्या मानसातून कोन पाह्यजे, हे मले आजच इचारलं. म्हनून तीन तास हिसके खात आली मी. उज्ज्वला जितली पाह्यजे."

"जितन," धावजी म्हणाला.

एवढंच म्हणाला. आणि तिच्या डोळ्याला डोळा न देता शाळेच्या फळ्याकडे पाहत राहिला.

दोन वाजता रहमतनं पिकअप वळवून ठेवली. ठरल्याप्रमाणे माणसं बसायला निघाली. तेव्हा धावजीनं त्यांना थांबवलं. मतदान संपलं होतं, मोजणी आता सुरू होणार होती. निकाल लागला आणि हार घालताना टाळ्या वाजवायला कोणी नसलं तर हार फिका पडला असता. तिकीट नाही, निदान हार तरी भरगच्च गर्दीत पडावा, एवढं तो सुनेसाठी करू पाहत होता.

"निकाल पाहून जा ना बापा," तो म्हणाला. "एवढे आले तं गुलाल घेऊन जा."

रहमतनं घड्याळाकडे पाहिलं. "चाचा, अंधार पडन वाटंत. तिकडं उसाच्या ट्रॉल्या असतेत रस्त्यावर."

"अर्ध्या घंट्याचं काम हाय रे."

अर्ध्या तासाचे अडीच तास झाले. उज्ज्वलाला एकशे एकतीस मतं पडली आणि 'कोणीही नाही'ला एकशे चोवीस. चौदा माणसं आली नसती तर ती हरली असती. हे जमलेल्या सगळ्यांना लगेच कळलं आणि बायांनी एकच गलका केला. नंदाबाईनं उज्ज्वलाला कवटाळलं, तिच्या गालांना गुलाल फासला. वामनरावांनी हार घातला. पेपरवाल्यानं फोटो काढला. हरिसिंग कोपऱ्यात उभा होता, त्यानंही दोन टाळ्या वाजवल्या. उज्ज्वला रडत होती आणि हसत होती. धावजीनं तिला एवढं आनंदात लग्नानंतर कधी पाहिलं नव्हतं, आणि त्यालाही क्षणभर वाटलं की आपण केलं ते बरंच केलं.

पिकअप साडेचारनंतर निघाली.

दिवेलागणीला फोन आला. शेंबाळपिंपरीच्या पुढं एका वळणावर उसाच्या ट्रॅक्टरची मागची ट्रॉली पिकअपला घासली होती. तिला दिवा नव्हता. पिकअप रस्त्याखाली उलटली. रहमतचा हात मोडला, किसनसिंगचं खुब्याचं हाड मोडलं, बाकीच्यांना मुका मार. नंदाबाई कडेला बसली होती. ती जागच्या जागी गेली.

बुधवारी तिला जाळलं. किसनसिंग पुसदच्या दवाखान्यात खाटेला जखडलेला, म्हणून अग्नी त्या दिरानं दिला, ज्याच्याकडे तिचं शेत होतं. उज्ज्वला मंगळवार रात्रीपासून पाण्यावर होती. केसांत कालचा गुलाल तसाच होता. तो काढायचंही भान तिला नव्हतं.

"मी मारली तिले," ती परत परत म्हणत होती. "मी बोलावली म्हनून आली. माह्या तिकिटासाठी मेली."

"असं नको म्हनू," धावजी म्हणाला. "कोनाच्या हातात असते हे?"

"एकच समाधान हाय, मामाजी. तिचं मत वाया नाही गेलं. आता मी निवडून आली ना, तं पयलं काम ऊसतोडीवाल्या बायांचंच करीन. तिच्या नावानं करीन."

हीही वेळ होती. धावजीला ते कळत होतं. आत्ता सांगितलं तर ही पोर मरून जाईल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. उद्या वामनराव सांगणारच आहेत, त्यांच्याच तोंडून कळू दे. दुःखाच्या घरी आपण कशाला दुःख न्यायचं? तीस वर्षांत त्याला स्वतःला समजावायची इतकी सवय झाली होती की त्यासाठी फार वेळ लागला नाही.

गुरुवारी सेवालाल महाराजांच्या देवळापुढं बैठक बसली. सुतकात बैठक नको, असं दोन-चार म्हातारे म्हणाले. पण शुक्रवारी यादी यवतमाळला पोचायची होती. सुरुवातीला दोन मिनिटं उभं राहून सगळ्यांनी नंदाबाईला श्रद्धांजली वाहिली. उज्ज्वला बायांबरोबर देवळाच्या पायरीशी बसली होती. आपलं नाव आज नुसतं वाचून दाखवतील, अशीच तिची समजूत होती.

वामनराव उभे राहिले. "मंगळवारचा कौल आम्ही वरती जरूर कळवू. उज्ज्वलाताईंचं अभिनंदन. तिकीट मात्र आजच्या बैठकीच्या शब्दावर जाईल."

उज्ज्वला उठून उभी राहिली. "मंग मंगळवारी काय होतं?"

बाईमाणूस नसाबीत बोललं म्हणून पुरुषांत कुजबुज झाली.

"तो सभासदांचा कल होता, ताई. हे तिकिटाचं आहे. आणि तुमचं नाव तिकडे असल्यामुळं इकडे घेता येत नाही. नियमच तसा आहे."

ती तशीच उभी राहिली. बायांनी हात धरून तिला खाली बसवलं.

मग घरागणिक शब्द घेणं सुरू झालं. नाव एकच होतं, हरिसिंगचं. चिठ्ठीवर नको म्हणायला निदान रकाना होता, इथं तोही नव्हता. तरी प्रत्येक घराला बोलावं लागतं. धावजी घराचं नाव पुकारी, घरातला कर्ता पुरुष उठून "नायक" म्हणे आणि वामनरावांचा माणूस लिहून घेई. ज्या घराला कुलूप असेल त्याचा शब्द कारभाऱ्यानं द्यायचा, अशी तांड्याची जुनी रीत. ऊसतोडीच्या दिवसांत निम्म्या तांड्याचा शब्द धावजीच्याच तोंडात असे.

"उत्तमसिंगचं घर," धावजी पुकारत होता. "बंद हाय. नायक." मग पुढचं. "बंद हाय. नायक."

नंदाबाईचं घर आलं.

धावजी थांबला. बायांकडची कुजबुज थांबली. घराला कुलूप होतं, तिच्याच हातचं, दसऱ्याला लावलेलं. देवळापुढून ते दिसत होतं.

"कारभारी," हरिसिंग हळूच म्हणाला.

"बंद हाय," धावजी म्हणाला. "नायक."

माणसानं लिहून घेतलं. पुढं धावजीचं स्वतःचं घर आलं, त्याचाही शब्द त्यानं नायकालाच दिला. दुसरं नावच नव्हतं.

हे सगळं इथवर येऊन मिटलं असतं. उज्ज्वलानं वामनरावांना शिव्या दिल्या असत्या, आघाडीला दिल्या असत्या आणि सासऱ्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली असती. पण वामनराव खुशीत होते आणि खुशीत आलेला पुढारी भाषण केल्याशिवाय राहत नाही.

"एवढ्या अवघड प्रसंगातून आघाडीला कोणी वाचवलं असेल तर ते धावजीभाऊंनी," ते म्हणाले. "दिवाळी झाल्यावर ते कचेरीत आले आणि म्हणाले, साहेब, दोन्ही घ्या. चिठ्ठीवाल्याला हार, बैठकवाल्याला तिकीट. मी तर म्हणतो, असा कारभारी प्रत्येक तांड्याला मिळावा." त्यांनी स्वतः टाळ्या वाजवल्या. पुरुषांनी वाजवल्या. हरिसिंगला नुकताच घातलेला हार काढून त्यांनी तो धावजीच्या गळ्यात घातला.

धावजीनं पायरीकडे पाहिलं नाही. पाहायची गरजही नव्हती.

घरी तो संध्याकाळी आला. उज्ज्वलानं ताट वाढून ठेवलं होतं. ती भिंतीला टेकून बसली होती. तिनं केस धुतले होते.

"दिवाळी झाल्यावर म्हंजे कवा?" तिनं विचारलं.

"तू नाव देलं त्याच्या दोन दिसानं."

"म्हंजे पिकअप ठरवली त्याच्या आंधी."

"हो."

"मी या चुलीपुढं बसून नावं लिहून राह्यली होती. तुम्ही म्हनलं, ताडपत्री लाव." ती ओरडत नव्हती. ओरडली असती तर धावजीला सोपं गेलं असतं. ओरडणाऱ्या माणसाला कसं शांत करायचं हे त्याला येत होतं. "माह्या नोकरीचं जाऊ द्या. तिकिटाचं जाऊ द्या. तिले काहून येऊ देलं, मामाजी? नुसतं येऊ नाही देलं. दोन वाजता जाऊन राह्यली होती, तं तुम्ही थांबवली."

"तुह्या हारासाठी थांबवली, पोरी. मले वाटलं, कोनाचंच नुकसान..."

"नका बोलू," उज्ज्वला म्हणाली. "तुम्ही बोलाले लागले का समोरच्याले खरं वाटते."

तिनं ताट त्याच्यापुढं सरकवलं. मग ती म्हणाली, "किसन दवाखान्यात हाय. त्याले कोनं काही सांगितलं नाही. जो येते त्याले इचारते म्हने, उज्ज्वलाकाकीचं तिकीट झालं का, म्हनून. उद्या मी डबा घेऊन जाऊन राह्यली. तुम्ही संगं चला. तुम्ही सांगा त्याले, तुमच्या तोंडानं. मी नाही सांगत. एवढं एक करा, मंग मी तुमाले जन्मात काही इचारनार नाही."

"सांगतो," धावजी म्हणाला, आणि त्या क्षणी तो मनापासून बोलत होता.

शुक्रवारी सकाळच्या एसटीनं दोघं पुसदला गेली. वाटेत धावजी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होता. बेटा, माझ्या हातून चूक झाली. बेटा, तुझी याडी, तुझी आई, माझ्यामुळं गेली. दोन्ही वाक्यं त्यानं पुष्कळ वेळा म्हणून पाहिली.

किसनसिंगचा पाय वजन लावून ताणून ठेवला होता. दाढी वाढली होती. धावजीला पाहताच त्यानं उठायची धडपड केली आणि वेदनेनं परत आडवा झाला. मग पडल्या पडल्याच हात लांबवून त्यानं धावजीच्या गुडघ्याला हात लावला.

"कारभारी, तुम्ही आले. मले वाटलंच होतं, तुम्ही येसान." त्याचे डोळे भरले. "याडीले पाह्यता नाही आलं मले. रात्रंदिन इचार येते. आमी गेलतो कायले, म्हनून. मंग म्हनतो, नाही, कामासाठी गेलतो. याडी गाडीत बसल्यावर म्हने, किसन्या, आज माहं मत कामी आलं." त्यानं धावजीचा हात घट्ट धरला. "आलं ना कारभारी? काकीचं तिकीट झालं ना?"

उज्ज्वला खाटेच्या पायथ्याशी डबा धरून उभी होती. ती धावजीकडे पाहत होती.

धावजीनं तोंड उघडलं. एसटीत जुळवलेली वाक्यं तिथंच होती, एकही विसरलं नव्हतं. समोर मोडलेल्या पायाचा, आई गेलेला पोरगा होता, आणि त्याला बरं वाटेल असा शब्द धावजीला ठाऊक होता.

"आलं, बेटा," तो म्हणाला. "तिच्याच मतानं जितली."

किसनसिंगनं डोळे मिटले. त्याचा धरलेला हात सैल झाला. "मंग ठीक हाय," तो पुटपुटला. "मंग ठीक हाय."

उज्ज्वलानं डबा खाटेशेजारच्या कपाटावर ठेवला. स्टूल ओढून ती किसनसिंगच्या उशाशी बसली. पदर नीट केला.

"मामाजी, तुम्ही जा आता," ती धावजीकडे न पाहता म्हणाली. "मले याच्याशी बोलाचं हाय."

धावजी वॉर्डच्या दारापर्यंत गेला आणि थांबला. मागं तिचा आवाज हळू हळू ऐकू येत होता. शब्द कळत नव्हते. मग किसनसिंग ओरडला. नर्स धावत आत गेली. धावजी दाराशीच उभा राहिला. आत जायचं धाडस त्याला झालं नाही.

दुपारच्या एसटीनं तो एकटा तांड्यावर परतला. उज्ज्वला त्या दिवशी आली नाही आणि नंतरही नाही.